आईच्या नावची साखर

यंदा साखरेवरचा कंट्रोल उठला. कोपऱ्यावरच्या वाण्याने गोणीचं तोंड उसवून ती दुकानाच्या पायरीवरच मांडली आहे आणि हवी तेवढी न्या म्हणून तो माप हातात घेऊन बसला आहे. येणारी-जाणारी माणसं गोणीपाशी थांबतात, चिमूटभर साखर तोंडात टाकतात, एकमेकांकडे बघून उगाच हसतात. आनंदाचीच गोष्ट आहे, मलाही आनंद व्हायला हवा. पण ती उघडी गोणी दिसली की माझं डोकं फिरतं. मी रस्ता बदलून, विहिरीच्या बाजूने, चिखलातून घरी येते.

त्यात हा भाद्रपद. डोंबिवलीतला भाद्रपद ज्याने पाहिला नसेल त्याला सांगते, हा महिना दिसायला फार साळसूद असतो. पावसाने हात आखडता घेतलेला, ऊन धुतल्यासारखं लख्ख, रुळांपलीकडच्या खाचरांत हळवं भात पोटरीला आलेलं. चाळीमागच्या विहिरीचं पाणी इतकं वर की वाकून तांब्या बुडवता येतो. गौरी-गणपती झाले की पितृपक्ष लागतो, आणि घराघरांतून अळू शिजल्याचा, आमसुलाच्या चटणीचा, तळणीत सोडलेल्या वड्यांचा वास येऊ लागतो. वर्षभर हाकलले जाणारे कावळे पंधरा दिवस जावयासारखे मिरवतात. लोकांना या दिवसांत आपली गेलेली माणसं आठवतात आणि त्यांचे डोळे भरून येतात. मला माझी आई आठवते आणि माझे कान तापतात.

आईवर लिहिणारी माणसं डोळे पुसत लिहितात. मी दात खाऊन लिहिते आहे. चार वर्षं झाली, राग निवेल असं वाटलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसं झालं आहे.

घरात आम्ही पाचजण होतो. आई, माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी, त्यांची मुलगी नलू आणि मी. वडील मी पहिलीत असताना कोकणात वारले. दादाला मुंबईत कारकुनी मिळाली तेव्हा आईने गावचं बिऱ्हाड मोडलं आणि आम्ही डोंबिवलीतल्या या बारा खोल्यांच्या चाळीत आलो. मी कल्याणला मुलींच्या शाळेत शिकवते. माझं लग्न राहिलं ते राहिलंच, त्याची कथा वेगळी आहे आणि तीही गोड नाही.

आईचं नाव द्वारका. हे मुद्दाम सांगते आहे, कारण तिचं नाव कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. दादाची आई, नलूची आजी, सात नंबरातल्या म्हाताऱ्या. तिला द्वारके अशी हाक मारणारी एकच बाई होती, तीन नंबरातली गोदूकाकू. दोघी एका वयाच्या, दोघी विधवा, दोघींच्या अंगावर तेच तांबडं आलवण आणि डोक्यावरून तोच पदर. दुपारी दोघी मागच्या पडवीत समोरासमोर बसून रेशनचे तांदूळ निवडायच्या. त्या तांदळात खडे इतके असायचे की गोदूकाकू म्हणायची, "द्वारके, आज तांदूळ वेच आणि टाक, खडे शिजत घालू. तेच जास्त आहेत."

कंट्रोल आला तशी आईची भक्ती वाढली. आधी ती फक्त एकादशी करायची. मग चतुर्थी आली, मग सोमवार, मग शनिवार. देवांनाही नवल वाटलं असेल की या बाईला आत्ताच आपली एवढी आठवण का व्हावी. उरलेल्या दिवशी संध्याकाळी भात तिला "जड" व्हायचा. साखर तर ती घ्यायचीच नाही. "दातांना लागते गं," म्हणायची. तोंडात दात उरले होते तीन. आम्ही हसायचो. दादा म्हणायचा, "आई, त्या तिघांना एवढं कशाला जपतेस?" तीही हसायची आणि बिनसाखरेचा चहा बशीत ओतून फुंकायची. तिच्या वाटची साखर नलूच्या दुधात जायची, वहिनीच्या चहात जायची. माझ्याही जायची. मी कपाला तोंड लावताना कधी थांबले नाही, हे इथेच लिहून टाकते. नाहीतर पुढे मी इतरांवर तोंडसुख घेईन आणि तुम्हाला वाटेल मी मोठी न्यायाची पुतळी.

चार वर्षांपूर्वी आषाढात तिला ताप आला. चार दिवस तापाने फणफणली आणि पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला गेली. लाकडं ओली होती, पुरुष परत यायला दिवस कलला. दादाने ओट्यावर पाय धुतले, निंबाचं पान चावून थुंकलं आणि मला खुणेने आत बोलावलं. मला वाटलं, आता हा रडेल, आपणही रडू. त्याचे डोळे लालच होते. तो खालच्या आवाजात म्हणाला, "कुसुम, शाळेत काही बोलू नकोस हं. कार्डाचं बघायला हवं."

"कसलं कार्ड?"

"रेशनचं. आईचं नाव एवढ्यात नको काढायला."

आईची राख अजून गरम होती.

चाळीला यात काही वावगं वाटलं नाही, कारण तो चाळीचा रिवाजच होता. मूल जन्मलं की बारशाची वाट न बघता बापाने त्याचं नाव कार्डावर चढवायचं, आणि माणूस मेलं की ते उतरवायचं नाही. आमच्या बारा बिऱ्हाडांत तेव्हा पाच मेलेली माणसं जेवत होती. कुणी विचारलंच तर ठरलेलं उत्तर, "गावाला गेल्येत." कोकणात खरोखर जेवढी माणसं परत गेली नसतील तेवढी आमच्या चाळीने पाठवली. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, हे लोक टोमणा म्हणून म्हणतात. आमच्याकडे ते अक्षरशः खरं होतं. आई जिवंत असताना तिच्या वाटचं तिने निम्मंसुद्धा खाल्लं नाही, आणि गेल्यावर मात्र तिचा पुरता वाटा दर पंधरवड्याला पिशवीतून घरी येऊ लागला.

पोटाला कमी पडत होतं हे मी नाकारत नाही. नलूचे हात काडीसारखे झाले होते. दादा काही साठेबाज नव्हता, भित्रा, सरळ कारकून होता. पण मला एक सांगा, आई मेली हे सांगायचंच नाही म्हटलं तर रडायचं कसं? चाळीच्या आत आई मेलेली होती. चाळीच्या पायऱ्या उतरलं की ती जिवंत. आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंचे यजमान रेशनच्या ऑफिसात होते, म्हणून रजेच्या अर्जात मी लिहिलं, "मला ताप आला आहे." तेरावा झाल्यावर शाळेत गेले तर सगळ्याजणी म्हणाल्या, "किती वाळलीस गं! आता बरी आहेस ना? आई कशी आहे?" मी म्हटलं, "बरी आहे." आणि भूगोलाच्या तासाला जाऊन नकाशा उलटा टांगला. मुली हसल्या. मी दोघींना उभं केलं, पट्टीने हातावर मारलं. त्या मुली आता मोठ्या झाल्या असतील. त्यांना मी का मारलं हे त्यांना कधी कळणार नाही.

हौसाबाईचंही तसंच. हौसाबाई म्हणजे मानपाड्याच्या बाजूने भाजीची पाटी घेऊन येणारी आगरीण. तिचा आणि आईचा रोजचा झगडा, भावावरून नव्हे, शिराळी कोवळी की जून यावरून. ती रेशन ऑफिसातल्या बाबूंच्या घरीही भाजी घालायची, म्हणून दादाने बजावलं होतं की हिला कळता कामा नये. ती यायची, पाटी टेकायची, आत मान घालून विचारायची, "आयस कुठं हाय गो बाय? दिसं नाय."

"गावाला गेल्ये."

"कवा येनार?"

"येईल."

मग ती पाटीच्या तळातून चवळीच्या चार शेंगा किंवा एखादी काकडी काढायची. "म्हातारी आली का दे तिला. माझी म्हनून सांग." आम्ही त्या शेंगा घ्यायचो. शिजवायचो. खायचो. ज्याचं त्याला पोचवायचं नाही, मधल्यामध्ये आपणच खायचं, याची आम्हाला सवय लागली होती.

आता त्या भाद्रपदाचं सांगते.

माणूस गेल्यावर पहिल्या पितृपक्षात त्याचं भरणी श्राद्ध करतात. आईचं होतं. पहाटे वहिनी आणि मी विहिरीवर न्हाऊन ओलेत्याने पाणी घेऊन आलो. सोवळ्यात स्वयंपाक झाला. अळूची भाजी, भोपळा, वडे, तांदळाची खीर. सुतकाच्या वर्षात घरात गोडधोड करायचं नसतं, पण श्राद्धाला खीर लागतेच. त्या खिरीत पडली ती आईच्याच नावची साखर. भटजी आले. दादा दर्भाची अंगठी घालून पाटावर बसला. पिंडांचा भात निवत ठेवला होता. बाहेर ते साळसूद ऊन पडलं होतं आणि चाळीची पोरं विहिरीकडच्या गवतात चतुर पकडत होती. त्यांतलंच एक धावत आलं आणि ओरडलं, "तपासणी! तपासणी आली!"

इन्स्पेक्टर कार्डं घेऊन घरोघर माणसं मोजायला यायचे, पण सहसा आधी कुणकुण लागायची. त्या दिवशी लागली नव्हती. दादाचा चेहरा पडला. गावाला गेल्ये हे उत्तर आधीच्या तपासणीला देऊन झालं होतं, आणि दुसऱ्यांदा माणूस दिसलं नाही तर नाव कापायचे. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात मागच्या पडवीच्या दारातून गोदूकाकू आत आली. तीन नंबरात ती स्वतः म्हणून नुकतीच मोजली गेली होती. कोपऱ्यात आईची वळकटी होती, ती तिने उलगडली, आईची गोधडी डोक्यावरून ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

"काकू, आज नको हो, आज तिचं..." मी म्हटलं.

गोधडीतून आवाज आला, "गप. द्वारकेसाठी एवढंही नको का?"

इन्स्पेक्टर तरुण होता, चांगल्या घरचा. हेच तर वाईट झालं. उर्मट असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने दारात चपला काढल्या, दर्भ-तीळ पाहिले आणि ओशाळून म्हणाला, "अरेरे, श्राद्ध चाललंय होय? कुणाचं?"

दादा म्हणाला, "वडिलांचं."

"होऊ द्या, होऊ द्या. मधे उठू नका. मी बसतो." आणि तो खरंच उंबऱ्याशी मांडी घालून, हात जोडून बसला.

भटजींनी दादाकडे पाहिलं. दादाने मान हलवली. भटजी चाळीचेच होते, रिवाज जाणणारे. त्यांनी घसा खाकरला आणि जिथे आईचं नाव यायचं तिथे वडिलांचं नाव घेतलं. तिच्यासाठी वळलेले पिंड, तिच्यासाठी सोडलेलं पाणी, सगळं बाबांच्या नावाने. आणि ती कोपऱ्यात गोधडीखाली निजलेली. म्हणजे ती नव्हे, पण कार्डाप्रमाणे तीच. गोधडी हलत होती. गोदूकाकू तोंडात पदर कोंबून रडत होती, आणि इन्स्पेक्टरला ती हुडहुडी वाटली.

"आजींना हिवताप का?" त्याने हळू आवाजात मला विचारलं. मग कार्ड उघडून, "द्वारकाबाई. या तुमच्या आई ना?"

त्या क्षणी मी नाही म्हणू शकले असते. माझ्या जिभेला काही कुणी कुलूप घातलं नव्हतं. रोज वर्गात खरं बोलावं म्हणून पाठ देणारी मी. दादाचा हात पळीवर थांबला होता. वहिनीने नलूला पोटाशी धरलं होतं.

मी म्हटलं, "हो."

त्याने कार्डावर खूण केली. तोंडावरची गोधडीही बाजूला करायला सांगितली नाही. विधवा म्हातारीकडे कोण निरखून बघतं? तांबड्या आलवणातल्या दोन म्हाताऱ्या म्हणजे जगाच्या लेखी एकच म्हातारी. तिचे केस काढले, कपाळ पुसलं, लुगड्याचा रंगही ठरवून दिला. ती आणि दुसरी कुणी यांत फरकच उरू नये याची तजवीज लोकांनी पस्तीस वर्षांपूर्वीच करून ठेवली होती. आमच्या लबाडीला फार कष्ट पडले नाहीत.

श्राद्धाला दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, म्हणून वहिनीने त्याला वाटीभर खीर दिली. त्याने ती आवडीने खाल्ली. जाताना कोपऱ्याकडे वाकून नमस्कार केला. "जपा, आजी." गोधडीतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला आणि आशीर्वाद देऊन आत गेला.

तो पायऱ्या उतरला तशी मी दादाला म्हटलं, "आता पुन्हा कर. तिच्या नावाने."

भटजी म्हणाले, "पुन्हा कसं? संकल्प झाला, पिंड दिले. आणि मला अजून दोन घरी जायचंय."

दादाने अंगठी काढून ठेवली होती. तो थकलेला दिसत होता. म्हणाला, "अगं, बाबांना पोचलं म्हणजे तिला पोचलंच की."

जन्मभर हेच. त्यांना वाढलं म्हणजे तिला पोचलं. दादाने खाल्लं म्हणजे तिला पोचलं. नलू प्यायली, मी प्यायले, सगळं तिला पोचलं! मग ती बाई एवढी वाळली कशी? जिवंतपणी सगळ्यांचं झाल्यावर जेवायची. मेल्यावर एक घास तिच्या एकटीचा होता, कुणाला वाढायच्या आधी तिला वाढायचा, आणि तोही आम्ही तिच्या समोरून उचलून नवऱ्याच्या पानात टाकला. बाहेर पान ठेवलं तेव्हा कावळा लगेच शिवला. भटजी समाधानाने म्हणाले, "बघा, तृप्त आहेत." कावळ्याचं काय, त्याला वडा मिळाला. मी त्या दिवशी जेवले नाही. पण दुसऱ्या दिवशी चहा घेतला, साखर घालून.

पुढे दरवर्षी कार्डाचे नवे फॉर्म यायचे. माझं अक्षर वळणदार, म्हणून चाळीतले सगळे फॉर्म माझ्याकडे. मेलेल्या पाचहीजणांना मीच जिवंत ठेवायची. फॉर्मात वयाचा रकाना असतो. आई गेली तेव्हा बासष्टची होती. पहिल्या वर्षी मी त्रेसष्ट लिहिलं, मग चौसष्ट, मग पासष्ट. तिचा वाढदिवस हयातीत कधी कुणी केला नव्हता, तिलाही तिथी ठाऊक नव्हती. मेल्यावर मी तीन वेळा केला. दौतीत टाक बुडवून, तिच्या नावापुढे. वहिनीला मी एकदा म्हटलं, "अशीच ती शंभरीची होईल आणि सरकार आपल्या घरी सत्कार करायला येईल." वहिनी हसली नाही. मीही हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

वहिनीशी मी या चार वर्षांत सरळ बोललेच नाही. दादाला ही बुद्धी तिनेच दिली असणार असं मी धरून चालले होते. नणंद-भावजयीत जसं कुजकं बोलतात तसं मी बोलले. "घाला, अजून एक चमचा घाला, आईची आहे," असं मी तिच्या चहाच्या वेळी म्हणायची. ती निमूट ऐकायची. तिच्या त्या निमूटपणाचाही मला राग यायचा.

गेल्या आठवड्यात दादाने खुल्या साखरेची पिशवी आणली. वहिनी डबा भरत होती. तो कडीचा डबा आईचा. तो कधी अर्ध्याच्या वर भरलेला मी पाहिला नव्हता. साखर काठाला आली आणि वहिनी एकदम खाली बसली. रडायला लागली. मी बघत उभी राहिले.

"वन्सं," ती म्हणाली, "आता सांगते. कंट्रोल उठला, आता शपथ सुटली. नाव काढू नका, असं आईंनीच सांगितलं होतं."

"काय?"

"तिसऱ्या दिवशी, ताप चढला होता तेव्हा. मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, 'मी गेले तर कार्डावरचं नाव काढू नका. साखर नलूच्या दुधाला होईल. आणि कुसुमला कळू देऊ नकोस. ती तांडव करील.' मला शपथ घातली हो."

मी तिथून निघाले आणि विहिरीवर जाऊन बसले. पाणी काठोकाठ होतं. तेरड्याची फुलं त्यात पडली होती. मला वाटलं होतं, हे ऐकून मन मऊ होईल. आईचा जीव किती मोठा, वगैरे. काही मऊ झालं नाही. उलट चार वर्षं दादावर, वहिनीवर, चाळीवर, भटजीवर, त्या भल्या इन्स्पेक्टरवर वाटून गेलेला राग एकवटून एका जागी आला. मला तिचाच राग आला. कुणी सांगितलं होतं तिला? स्वतःचं ताट सरकवायची सवय होती ते ठीक, पण स्वतःचं मरणसुद्धा सरकवायचं? ते काय एकटीचं होतं तिचं? त्यात माझा वाटा होता. आई मेली म्हणून ओरडायचा, शाळेत डोकं टेकून रडायचा, कुणीतरी पाठीवर हात ठेवायचा, तो वाटा माझा होता. तिने तो मला न विचारता नलूच्या दुधात घातला. मी तांडव करीन हे तिला ठाऊक होतं. मग करू द्यायचं होतं! दुसरं रडणं मला येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

मी विहिरीवर बसले असताना पलीकडच्या वाटेने हौसाबाई आली. डोक्यावर पाटी, तीच झोकदार चाल. चार वर्षं ती विचारतच होती, फक्त आता रोज नाही, सणासुदीला. तिने काकडी काढली. "आयस आली का गो बाय गावासून?"

मी म्हटलं, "हौसाबाई, आई वारली. चार वर्षं झाली."

तिने पाटी उतरवली. क्षणभर तिला कळलंच नाही. मग ती विहिरीच्या कट्ट्याला धरून खाली बसली आणि तिने भोकाड पसरलं. मोठ्याने, छाती पिटून, आगरी बायका रडतात तसं. "गेली गो माझी म्हातारी! मना कोनी सांगलं नाय गो! मी येडी शेंगा देतंय, काकड्या देतंय..." चाळीच्या गॅलरीत माणसं जमली. दादा बाहेर आला. गोदूकाकू काठी टेकत पायरीपर्यंत आली आणि तिथेच बसली. कुणी हौसाबाईला गप म्हटलं नाही. आईच्या नावाने डोंबिवलीत मोठ्या आवाजात झालेलं ते पहिलं रडणं. मी मात्र कोरडीच होते. ती रडत होती आणि मी तिच्या पाटीतली काकडी हातात धरून बसले होते.

आज भरणी. त्या वर्षी झालं ते झालं, भरणी पुन्हा होत नाही असं भटजी म्हणतात, आणि बाईमाणसाने पिंड द्यायचे नसतात असंही म्हणतात. त्यांना म्हणू दे. काल संध्याकाळी मी दादाला सांगितलं, "उद्या खीर करणार आहे. पहिलं पान तिचं. पाण्याचा हात मी फिरवणार आणि नाव मी घेणार. ज्याला थांबायचं असेल त्याने थांबावं." आज सकाळी मी उठले तर चूल पेटलेली होती, आणि दादा स्वतः तांदूळ निवडत बसला होता.

मी आधी कल्याणला शाळेत गेले. अर्ज घरूनच लिहून नेला होता. "माझी आई, द्वारकाबाई, वारल्यामुळे मला आज एक दिवसाची रजा मिळावी." तो मी मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला.

बाईंनी वाचला आणि त्या उभ्याच राहिल्या. "अगबाई! कुसुम! परवा तर म्हणालीस बऱ्या आहेत. कधी गेल्या?"

"चार वर्षं झाली."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग अर्जाकडे. त्यांचे यजमान कुठल्या ऑफिसात होते हे त्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हेही. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर सगळं उमटत गेलं. चार वर्षांपूर्वीचा माझा ताप, उलटा नकाशा, रोजचं ते बरी आहे. त्या हळूच खाली बसल्या.

"मग रजा आत्ता..."

"तेव्हा घेता आली नाही, बाई."

त्यांनी सही केली. कागद परत देताना, कुणाच्या घरी समाचाराला गेल्यावर विचारतात तसं, अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "वय काय होतं गं?"

माझ्या तोंडात पासष्ट आलं होतं. तेच लिहायची सवय झाली होती. मी तो आकडा गिळला.

"बासष्ट," मी म्हटलं. आणि तिथेच, टेबलाचा कोपरा धरून, मला रडू फुटलं. "बासष्टच होतं, बाई. बासष्ट."